पक्की वही

कॉलेजात तिला 'दशांश' म्हणत. टवाळ पोरांनी ठेवलेलं नाव, पण तिला ते मनातून आवडायचं. इतरांची उत्तरं पुस्तकातल्या उत्तराच्या आसपास घुटमळत. हिचं उत्तर मात्र दशांश चिन्हापुढे दोन घरं तंतोतंत जुळे. परीक्षक जर्नल उघडत, मान डोलावत आणि सही ठोकत. तिथल्या जुनाट उपकरणांतून इतकं नेमकं उत्तर निघतं तरी कसं, हे विचारायला कुणाला सवड होती?

तिचे वडील त्याच कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तीस वर्षं उपकरणं काढायची, मांडायची, पुसून परत कपाटात ठेवायची. एखादा विद्यार्थी घामाघूम झालेला दिसला की ते जवळ जाऊन हळूच सांगत, "गुरुत्वाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या जवळ यायला हवं. आता तिथून मागे जा." मागे जायचं म्हणजे उत्तर आधी धरायचं आणि त्याला शोभतील अशी निरीक्षणं रचायची. कच्च्या वहीत काय वाटेल तो गोंधळ असो, पक्की वही कशी सुतासारखी सरळ हवी. कच्ची वही वर्षाखेर रद्दीत जाई. यात कुणाला लबाडी दिसत नसे. पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली ढकलतात, तितकंच ते साधं होतं.

अशी ही दशांश भौतिकशास्त्रात मास्टर्स करायला परदेशी आली. सात जणींत एक स्वयंपाकघर, फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, आणि वर्गात सगळेच बिनधास्त म्हणत, "मला नाही कळलं." हे वाक्य तिच्या तोंडून काही केल्या निघेना. गणितं ती भराभर सोडवी. पण 'तुला काय वाटतं?' असं कुणी विचारलं की जीभ टाळ्याला चिकटे. पहिले दोन महिने ती नुसती हसून मान हलवत होती, आणि खोलीवर आल्यावर त्या हसण्याची तिला लाज वाटे.

प्रयोगशाळेत तिला जोडीदारीण मिळाली ती तिसऱ्याच देशातली, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. सहा वर्षं शाळेत शिकवून ही बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग घ्यायचं काम तिच्याकडे होतं आणि तिचं इथलं राहणं त्याच कामावर चाललेलं. बडबडी, उपकरणांना तोंडावर शिव्या देणारी, आणि अक्षर असं की कोंबडीने पाय पुसावेत. दशांशचा तिच्यावर जीव जडला. परक्या गावात हिला आपण होऊन हाक मारणारी ती एकटीच.

त्या आठवड्यातला प्रयोग दिसायला देखणा होता. काचेच्या गोळ्यात इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, दोन्ही बाजूंच्या तारेच्या कॉइलमधून वीज सोडली की तो वळतो आणि निळसर कडं तयार होतं. त्या कड्याची त्रिज्या मागच्या पट्टीवर वाचायची आणि त्यावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायचं. पुस्तकात ते एक पूर्णांक शहात्तर. नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला होता: प्रत्येक प्रयोगाला वही एकच, लिहायचं पेनाने, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. दशांशने तो ऐकला होता. भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं असतं ना, त्यातलाच एक समजून सोडून दिला होता.

गुरुवारी उत्तर आलं एक पूर्णांक पंचेचाळीस.

"काहीतरी गडबड आहे," जोडीदारीण म्हणाली. "सोमवारी परत बघू. जाऊ दे आता, भूक लागलीय."

"वही मी नेते. जरा नीट लिहून काढते," दशांश म्हणाली.

तिने केलं ते असं. दुकानातून अगदी तशीच दुसरी वही आणली. मग एक पूर्णांक पंच्याहत्तरपासून मागे गेली. पाच सेंटीमीटरची त्रिज्या साडेचारच्या जरा वर आणली, बाकीच्या अकराही त्याच बेताने आकसल्या. संशय येण्याइतकं बिनचूक दिसू नये म्हणून दोन निरीक्षणं मुद्दाम किंचित बिघडवली. यात तिचा हात बसलेला होता. जुनी वही स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात गेली. सोमवारी जोडीदारणीला सांगितलं, "तिरकं बघत होतो आपण, म्हणून कडं मोठं दिसलं. मी शुक्रवारी येऊन सगळं परत मोजलं."

"तरी म्हटलं, तू शोधून काढशील," म्हणत तिने न वाचताच खाली सही केली. दशांशला त्या वेळी काही म्हणजे काही वाटलं नाही. हे नंतर तिला सगळ्यात जास्त टोचलं.

पुढच्या तासाला प्राध्यापकबाईंनी नऊ जोड्यांची उत्तरं फळ्यावर मांडली. आठ जोड्यांची एक पूर्णांक बेचाळीस ते अठ्ठेचाळीसच्या मधली. नववं एक पूर्णांक पंच्याहत्तर.

"सगळ्या कॉइलवर एकशे तीस वेढे अशी चिठ्ठी आहे," बाई म्हणाल्या. "आहेत एकशे अठरा. एकशे तीस धरून गणित केलं की उत्तर कमीच येणार. चिठ्ठ्या दरवर्षी मीच चिकटवते. उत्तर चुकीचं आलं की तुम्ही काय करता, एवढंच मला बघायचं असतं." मग त्यांनी नवव्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि हे उत्तर त्या उपकरणातून येऊच शकत नाही."

दशांशने समोरची वही मिटली. तिच्या शेजारून जोडीदारीण उठून उभी राहिली. "आम्ही नीट मोजलंय. हिने तर शुक्रवारी येऊन परत मोजलं. मी हमी देते."

"उद्या दहाला दोघी माझ्या खोलीत या," बाई शांतपणे म्हणाल्या. "वही घेऊन."

बाहेर आल्यावर जोडीदारीणच हिची समजूत घालायला लागली. "घाबरू नकोस. दोघी मिळून सांगू. आकड्यांत फेरफार म्हणाले तर माझं शिकवायचं काम जाईल, पण तसं काही केलंच नाही ना आपण." दशांशने मान हलवली. पुन्हा तीच हसरी मान. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. आईने उचलला, जेवलीस का, बारीक झालीस का, अशी नेहमीची सरबत्ती झाली आणि फोन बाबांकडे गेला. तिने सगळं सांगितलं, वही टाकल्यापर्यंत. पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा, आहात ना?"

"शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तुला कुठला प्रयोग आला होता, आठवतं?"

"चुंबकाचा. पैकीच्या पैकी मिळाले होते."

"त्या मीटरची तार आतून तुटली होती. मला सकाळीच दिसलं, पण बदलायला दुसरा नव्हता. काटा हलणं शक्यच नव्हतं. तू बारा निरीक्षणं लिहिलीस. मी कपाटापाशी उभा होतो."

काटा हलत नाही हे तिला तेव्हाही दिसलं होतं. ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"मग बोलला का नाहीत? तुम्ही तर सगळ्या स्टाफला चहा पाजलात निकालाच्या दिवशी."

"कोणत्या तोंडाने बोलू? शिकवलं कुणी होतं?" बाबा म्हणाले. "चहा देताना लाज वाटत होती ग. वाटलं, पुढे मोठ्या ठिकाणी जाईल, सुटेल सवय. उद्या त्या बाईंना माझंही सांग."

"त्यांना काय करायचंय तुमचं, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सकाळी जोडीदारीण इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आली होती. हिच्या बाजूने साक्ष द्यायला. खोलीत गेल्यावर दशांशने वही टेबलावर ठेवली.

"ही पक्की वही आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" प्राध्यापकबाईंना कळेना.

मग तिला समजावून सांगावं लागलं. कच्ची म्हणजे काय, पक्की म्हणजे काय, मागे जायचं म्हणजे काय. इतकी वर्षं जे मनातल्या मनातही शब्दांत मांडलं नव्हतं, ते परक्या भाषेत, अडखळत, एकेक वाक्य जुळवून. "शुक्रवारी मी आलेच नव्हते. हिला यातलं काही माहीत नाही. हिने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली." हे सांगताना तिने जोडीदारणीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

तिला शून्य मिळालं, विभागाच्या फाइलमध्ये नोंद झाली आणि प्रयोग पुन्हा करायचा हुकूम झाला. जोडीदारणीचं काम वाचलं. हवी तर दुसरी जोडी देते, असं बाईंनी तिला विचारलंही. ती नको म्हणाली. पण जिना उतरताना ती बोलली नाही, आणि ही बडबडी बाई न बोलता राहिली तेव्हा दशांशला शून्याचं काही वाटेनासं झालं.

सोमवारी दोघी पुन्हा त्या काचेच्या गोळ्यासमोर बसल्या. नवी वही उघडली. सवयीने दशांशने पेनाकडे हात नेला. पेन आधीच जोडीदारणीच्या हातात होतं.

"तू आकडा सांग. मी लिहिते."

निळं कडं उमटलं. दशांशने डोळा पट्टीशी सरळ रेषेत धरला. "पाच पूर्णांक शून्य."

जोडीदारणीने पेन टेकवलं नाही. ती उठली, हिच्या बाजूला आली, वाकून स्वतः पट्टी वाचली आणि मग जागेवर जाऊन आकडा लिहिला. दशांशने खुर्ची थोडी मागे सरकवून तिला वाट करून दिली.

बारा निरीक्षणं घ्यायची होती. बाराही वेळा ती उठली.