दोन्ही पोर्ट एकदम कसे गेले?

तिहोमिरच्या मते त्याच्या धंद्यात खोटं पहिल्याच वाक्यात येतं: "मी काहीच केलं नाही." सर्बियातल्या झायेचार गावच्या भाजीबाजारामागे एकोणीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करताना हे वाक्य त्याने पाद्र्याकडूनही ऐकलं होतं. त्या पाद्र्याच्या कीबोर्डातून मेणबत्तीचं मेण निघालं होतं.

म्हणून मंगळवारी सकाळी लेपोसावाबाई दुकानात येऊन म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही, पण कुणी केलं ते मला ठाऊक आहे," तेव्हा तो सावध झाला. चौथीपर्यंत त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

पेनड्राइव्ह लावला तरी लॅपटॉप त्याला ओळख देत नव्हता, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. त्यात बाईंच्या यजमानांच्या शेवटच्या स्लावाची चित्रफीत होती. घराण्याच्या संताचा हा सण येत्या रविवारी होता आणि बाईंना ती पाहुण्यांना दाखवायची होती. सून बिल्याना म्हणाली होती, नको, जेवताना सगळे रडत बसतील. दुसऱ्याच दिवशी पोर्ट बंद पडले. तेव्हापासून नऊ दिवस घरात अबोला होता, आणि यंदा स्लावाच्या पावाला सुनेचा हात लागू द्यायचा नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. बावीस वर्षं तो पाव तीच मळत आली होती.

"दोन्ही एकदम कसे जातील रे? तू ढ होतास, पण एवढं तुलाही कळेल."

ते त्याला कळत होतं. बिल्यानाला तो औषधाच्या दुकानात पाहत असे. कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्यांवर त्याचा जास्तच संशय.

त्याने पेनड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिला. चित्रफीत लगेच उघडली. बाईंच्या लॅपटॉपला मात्र त्याचा माऊसही कळेना. बंद करून चालू केला, ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, काही फरक नाही. मग बॅटरी काढून त्याने भिंग आणि टॉर्च घेतली. पोर्टच्या आत पांढरं काहीतरी चमकत होतं. सुईने खरवडून त्याने कण जिभेवर ठेवला.

गोड.

"मुरंबा," बाई म्हणाल्या. "तिच्या हातात सदा मुरंब्याचा चमचा. पटलं?"

पण मुरंब्याला रंग असतो. शिवाय चिमट्यात एक पांढरा धागा आला होता. तिहोमिरचा संशय हळूच खुर्ची बदलून बसला.

"बाई, लॅपटॉपवर झाकायला काय घालता?"

बाईंनी पिशवीतून अभिमानाने विणलेला रुमाल काढला. पुठ्ठ्यासारखा ताठ, कडेला टोकंच टोकं. साखरपाण्याची खळ, त्यांच्या आईची पद्धत. ओला असतानाच लॅपटॉपवर पसरायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी नीट आकार धरून वाळतो.

तिहोमिरने रुमाल पसरला. दोन टोकं बरोबर दोन पोर्टांवर आली. परीक्षेत कॉपी सापडल्यावर बाई जशा उभ्या राहत, तशाच उभ्या होत्या. फक्त या वेळी बाकाच्या दुसऱ्या बाजूला.

स्पिरिटने साखर हलत नाही. म्हणून आधी कोमट पाण्यात जेमतेम भिजवलेला ब्रश, मग स्पिरिट, मग तासभर वाळवण. बाई तासभर बसून राहिल्या. शेवटी पेनड्राइव्हचा दिवा लागला.

"पावतीवर लिही, म्हातारपणामुळे बिघाड."

"कुणाच्या?"

"गाढवा, लॅपटॉपच्या."

त्याने लिहिलं: साखर. बाईंनी पावती वाचली, घडी घातली आणि दारात उभं राहून फोन लावला. "बिल्याना, पीठ आणून ठेव. पाव तूच मळशील." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कारण मी सांगते म्हणून," बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "माझंच चुकलं होतं. घरी आल्यावर सांगते."

रुमाल त्या काउंटरवरच ठेवून गेल्या. तुझ्या रेडिओवर शोभेल, म्हणाल्या. तिहोमिरने तो दोन बोटांनी उचलला आणि दुकानातल्या सगळ्या यंत्रांपासून लांब, छत्रीच्या खुंटीला अडकवला.