बाबांचा खुबा आणि माझी जुळी भट्टी

बाबांचा खुबा बदलायचा ठरला तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक गुळगुळीत गोळा दिला. म्हणाले, "काका, हा सिरॅमिकचा. हाच बसवणार."

बाबा वीज विभागातून रिटायर झालेले. गोळा फिरवून बघत ते म्हणाले, "म्हणजे चिनी मातीचीच बहीण ना? जिंदगीभर तिला विजेच्या खांबांवर चढवलं, आता ही माझ्यात चढणार!"

डॉक्टर खो खो हसले. मला मात्र हसू येईना, कारण असे गोळे कसे तडकतात हे बघणं हीच माझी नोकरी आहे. उज्जैनच्या बाहेर एका कारखान्यात आम्ही पंपांचे सिरॅमिकचे भाग बनवतो, आणि तेव्हा खुब्याचे गोळेही करून बघत होतो. बारीक भुकटी साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. भाजताना गोळा आक्रसतो. भट्टी घाईनं तापवली तर बाहेरचा भाग आधी आक्रसतो, आतला मागे राहतो आणि चीर पडते. म्हणून मी त्या भट्टीची हुबेहूब नक्कल कंप्युटरवर केली आहे. खऱ्या भट्टीची तापमानं तिला सतत मिळत राहतात, आणि आत पुढे काय होणार ते ती आधीच सांगते. ऑफिसात तिला डिजिटल ट्विन म्हणतात. घरी मी जुळी भट्टी म्हणते.

बाबांना माझं काम कधी फारसं कळलं नव्हतं. पण आता त्यांचा जीव त्यात अडकला. विश्वकर्मा पूजेला कारखान्यात घरच्यांना बोलावतात, तेव्हा काठी टेकत तेही आले. भट्टीला हार घातलेला होता. कोणीतरी माझ्या मॉनिटरलाही झेंडूचा हार घातला होता, त्यामुळे निम्मा पडदा दिसत नव्हता. बाबांनी हार बाजूला सारून आतले लाल-पिवळे रंग बघितले.

"हे काय चाललंय?"

"ह्या गोळ्याला मी मुद्दाम घाईनं तापवतेय. बघा, इथे तडकला."

"अन् खरा?"

"खरा मजेत आहे. इथे शंभरदा फोडून बघायचं, म्हणजे तिथे एकही फुटत नाही."

"म्हणजे तुला फोडायचा पगार मिळतो!" बाबा खूश झाले. मग हळूच म्हणाले, "बेटा, मला तुमच्याच भट्टीतला बसवायला सांग ना."

मी समजावलं, की आमच्या गोळ्यांच्या चाचण्या अजून चालू आहेत, परवानगी मिळायला वेळ आहे. रिक्षातून परत येताना, शहरातल्या फ्रीगंज भागात आल्यावर ते म्हणाले, "घरची भट्टी असून गोळा बाहेरचा. चलो, ठीक आहे."

ऑपरेशन छान झालं. काठी सुटली, बाबा पुन्हा संध्याकाळी मित्रांकडे जायला लागले. आणि मग एका सकाळी, देवासमोरच्या बुटक्या स्टुलावरून उठताना, त्यांच्या खुब्यातून आवाज आला. कुर्रर्र.

आई म्हणाली, "दाराला तेल घाला हो."

"दार नाही, मी आहे," बाबा म्हणाले, आणि परत बसून उठून दाखवलं. कुर्रर्र. त्यांना एवढी मजा वाटली की संध्याकाळी मित्रांना ऐकवायला ते खास बुटकं स्टूल शोधत होते. मित्र म्हणाले, "वाह भाईसाहब, अब तो आप बजने भी लगे!"

माझी मात्र झोप उडाली. डोळे मिटले की मला गोळ्यावर चिरा दिसायच्या. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सगळं जागच्या जागी होतं, चीर नव्हती, काही ढिलं नव्हतं. "काही जणांच्यात वाजतो," ते म्हणाले. "कोणत्या हालचालीला वाजतो ते लक्षात ठेवा आणि ती टाळा."

पण नेमकी कोणती? मी आमच्या साहेबांना विचारलं, खुब्याचं एक छोटं मॉडेल करू का? ते म्हणाले, "करा. आपले गोळे माणसात कसे फिरतील हे आपल्यालाही हवंच आहे."

गोळा आणि तो जिच्यात फिरतो ती वाटी मी एक्स-रेवरून कंप्युटरवर बसवली. आता बाबांची चाल हवी होती. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, तर सांधे नेमके दिसायला खुणा पाहिजेत. आईनं आपलं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि बाबांच्या पांढऱ्या पायजम्यावर कंबर, गुडघा, घोटा अशा मोठ्या लाल टिकल्या लावल्या. बाबा अंगणात चालले, पायरी चढले-उतरले, उंच खुर्चीवर बसले, बुटक्या स्टुलावर बसले. तेवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"ये क्या हो रहा है, भैया?"

"शूटिंग!" बाबा म्हणाले. "आप जरा साइड में रहिए, फ्रेम में आ रही हैं."

काकू साखर न घेताच गेल्या, आणि थोड्या वेळानं नातवंडांना घेऊन परत आल्या. बाबांनी सगळं पुन्हा करून दाखवलं. त्यामुळे मला दुप्पट माहिती मिळाली.

मॉडेल चाललं तेव्हा उत्तर स्वच्छ दिसलं. बुटक्या जागेवरून उठताना बाबा पाय आत वळवतात, तेव्हा गोळा वाटीच्या कडेला घासतो. चालताना नाही, पायऱ्यांवर तर मुळीच नाही. मी बाबांना घेऊन गेले आणि ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, एक-दोन शंका विचारल्या आणि म्हणाले, "पटतंय. उंच जागी बसायचं, पाय आत वळवायचा नाही. पायऱ्यांना माझी हरकत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकताच बाबा म्हणाले, "म्हणजे नदीच्या पायऱ्या उतरून रामघाटावर जाऊ शकतो?"

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. बाबांनी माझा दंड धरला आणि एकेक पायरी उतरू लागले. मी कान टवकारून होते. घंटा वाजत होत्या, गुरुजी यात्रेकरूंना हाका मारत होते, खालून कोणी "पानी ठंडा है" म्हणून ओरडत होतं. खुबा गप्प होता. एका गुरुजींनी प्रेमानं पाट पुढे सरकवला, "विराजिए बाबूजी."

"नहीं महाराज," बाबा म्हणाले, "हमारी बिटिया के कंप्यूटर ने मना किया है."

गुरुजींना काय कळलं कोण जाणे, त्यांनी मलाच नमस्कार केला. आईनं लोट्यात पाणी भरून आणलं आणि बाबांनी उभ्यानंच सूर्याला अर्घ्य दिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला आत कुठेतरी इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच पायरीवर बसले.

वर येताना बाबांनी माझा हात सोडला आणि आईच्या पुढे निघाले. आई मागे राहिली, गुडघ्यावर हात ठेवून, दम खात. बाबा वरून वळून म्हणाले, "बेटा, आता हिचे गुडघे पण कंप्युटरात टाक."

"काही नको," आई खालून म्हणाली. "माझे गुडघे माझ्याजवळच राहू देत. तुम्ही वर जाऊन पोहे सांगा, मी आलेच."

आणि बाबा खरंच पोहे सांगायला गेले.