वन्संनी पाहिलेला अर्धा पिच्चर

माझ्या नणंदेचं नाव लंकाबाई. दिली शिनोलीला, पण हुकूम चालतो इकडं बोरी बुद्रुकला, माझ्या घरात. आमच्या मालकांना, संपतरावांना, ही एकच बहीण, ती पण थोरली. विहिरीवर नवी मोटार बसवायची? आक्काला विचार. गोठ्याला पत्रा टाकायचा? आक्काला विचार. सकाळी भाजी कुठली करायची हे अजून आक्काला विचारत नाहीत, एवढी देवाची कृपा. मी छबू, अंगणवाडी सेविका आहे. सगळी पोरं एका आवाजात गप्प करते. पण वन्सं दारात आल्या की मीच गप्प होते. याचा मला लई राग येतो, आणि राग आला तरी चहा मीच टाकते.

वन्संचा खरा धंदा म्हणजे पारख. त्यांचे मालक गेणभाऊ, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. दाजी होते तेव्हा दोघं शिनोलीवरून बेल्ह्याच्या बैलबाजाराला यायचे. बाजारात बाया तशा कमीच, पण वन्सं दाजींच्या पुढं. बैलाचे दात बघणार, पाठीवर थाप मारणार, चालवून बघणार. आता त्या बाजाराची एक रीत आहे. जनावर मनात भरलं की तोंडानं त्याला नावं ठेवायची. "खूर फाकल्यात, वशिंड बसलंय, नजर आळशी हाय." गिऱ्हाईक भाळलंय हे बैलवाल्याला कळता कामा नये. आणि जो घ्यायचाच नाही, त्याला "झाक हाय हो तुमचा बैल" म्हणून पुढं निघायचं. बाकीची माणसं ही रीत बाजारात ठेवून घरी येतात. आमच्या वन्सं ती घरी घेऊन आल्या आणि जन्मभर पोसली.

मला बघायला आल्या तेव्हा मी पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि ही बाई सगळ्यांदेखत म्हणते, "रंग दबल्याला हाय. चालताना पाय घासती. आवाज तर निस्ता भोंगा." माझी आई आत जाऊन रडायला लागली. माझा बाप मात्र बाजारात मुरलेला माणूस, तो आत येऊन म्हणाला, "रडती कशाला? जमलं!" लगेच सुपारी फुटली. माझ्या चुलत बहिणीला याच वन्संनी "लई गुणाची पोर" म्हटलं होतं, आणि त्यानंतर त्या घराकडं फिरकल्या नाहीत. तेव्हापासून वन्संनी कशाला चांगलं म्हटलं की मी ओळखते, ते काम बोंबललं.

दाजी गेले. पोरं भोसरीला कंपनीत. वन्सं शिनोलीत एकट्या राहतात. इकडं राहा म्हटलं तर एक मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटी धरतात. "घर उघडं पडलंय" म्हणतात. कुलूप लावलेलं घर उघडं कसं पडतं, हे मी कधी विचारलं नाही. उगाच कशाला कटकट!

तर आता आमची समृद्धी. माझी लेक. कॉलेजात मीडियाचा कोर्स करते. शेवटच्या वर्षाला सरांनी काम दिलं, सायकॉलॉजिकल थ्रिलर पिच्चरची सुरवात करून आणा. नुसती सुरवात, अडीच मिनिटांची. पुढचा पिच्चर करायचाच नाही.

"म्हंजे पेरायचं आन् उगवायचं न्हाई?" मालक म्हणाले. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, पण मी तसं तोंडावर दाखवलं नाही.

त्यात हिरोईन मी. हसायचं काम नाही! समृद्धीनं मला स्वयंपाकघरात बसवलं, समोर रिकामा पाट मांडला, पाटापुढं वाढलेलं ताट ठेवलं आणि म्हणाली, "आई, इथं कुणी नाही, पण आहे असं समजून बोल. मी लिहून दिलंय तेच."

"कोण आहे असं समजू?"

"नवरा समज."

एवढं सोपं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी जी सुरू झाले, ती लिहून दिलेलं संपलं तरी थांबेना. समृद्धी "कट, आई, कट" म्हणून ओरडायला लागली. मालक ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. त्या दिवशी मुकाट्यानं जेवले, मीठ कमी आहे हे सुद्धा बोलले नाहीत.

सरांना काम लई आवडलं. म्हणाले, ह्या पोरीनं पुण्याला जाऊन पिच्चरचं रीतसर शिकावं. झालं, घरात भडका! मालकांचं तिच्या बारावी सायन्सपासून ठरलेलं, हा कोर्स झाला की डी.फार्मसी करायची आणि नारायणगावात मेडिकल टाकायचं. मी लेकीच्या बाजूनं भांडले, दोन दिवस वाकडं तोंड करून वाढलं, पोरगी उपाशी झोपली. शेवटी मालकांनी नेहमीचा उपाय काढला.

"आक्काला दाखवू. आक्कानं पसंत केलं तर पुणं. न्हाई तर फार्मसी, आन् मग कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"पप्पा, सरांनी सगळ्यांत जास्त मार्क दिलेत ना!"

"सरांचं काय जातंय? पोर आपली हाय."

रविवारी वन्सं आल्या. इंद्रायणी तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली, पाणी प्यायल्या, आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. समृद्धी टीव्हीला पेनड्राइव्ह लावत होती.

"कसला पिच्चर हाय गं?"

"भीतीचा, आत्या."

"बिबट्या हाय का?"

"नाही."

"मग भ्या कशाचं?"

"मनातली भीती असते, आत्या."

"मनात कशाला जायाचं? पल्याडच्या उसात हाय की." आमच्याकडं दिवस कलल्यावर गोठ्यात जायचं तर माणसं फोनवर मोठ्यानं गाणी लावून जातात, तेव्हा वन्संचंही बरोबरच होतं. "बरं, नाव काय पिच्चरचं?"

"अजून ठरलं नाही."

"शेवट काय व्हतो?"

"शेवट केलेला नाही, आत्या. नुसती सुरवात आहे."

"नाव न्हाई, शेवट न्हाई, आन् मला एसटीनं बोलिवलं? लाव."

लागला पिच्चर. आधी अंधार. मग नळाचा थेंब थेंब आवाज.

"नळ गळतुया," वन्सं म्हणाल्या. "वायसर बदलाय काय झालं?"

मी समृद्धीला चिमटा काढला. सुरवात झकास होती!

मग तव्यावर भाकरी आणि माझा हात. "भाकरी करापली. ही छबूच हाय, करापल्याल्या भाकरीवरनं वळखली." मग मी पाठमोरी. "उजेड किती कमी केलाय, बाईचं त्वांड दिसंना. आन् ह्यो कॅमेरा का हालतोय? धरणाऱ्याला थंडी वाजून आलीया का?"

समृद्धीचे डोळे भरले. मी तिच्या कानात म्हटलं, "येडे, नावं ठेवतायत! पसंत पडतंय!" तिकडं मालक अस्वस्थ होऊन कान खाजवायला लागले. बहिणीची रीत त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? मी मनात म्हटलं, ठेवा वन्सं, अजून दोन नावं ठेवा, माझ्या दिसण्याला ठेवा, जन्मभर ठेवलीत तशी, पण पोरीला पुण्याला जाऊ द्या.

मग पडद्यावर मी वळले आणि कुणाशी तरी बोलायला लागले. "हात धुतले का? कालवण निवतंय. खोकला कमी हाय म्हणून बाजाराला निघालात व्हय? मग बैलांना वैरण कोण टाकणार, मी?" कॅमेरा हळूहळू सरकला. पाट रिकामा. ताट भरलेलं, पाण्याचा तांब्या भरलेला. घूं घूं असं भेसूर संगीत. दाराची कडी आतून लावलेली. आणि मी त्या रिकाम्या पाटाकडं बघून हसत म्हणते, "बसा की अजून थोडं." संपलं. अंधार.



मी वाट बघितली. ताटाला नाव ठेवतील, संगीताला ठेवतील. काहीच नाही. मालकांचा चेहरा उजळला. "मग आक्का? चांगला हाय न्हवं पिच्चर?" ह्या माणसाला बहिणीच्या तोंडून "चांगला" काढून घ्यायची कोण घाई!

"परत लाव," वन्सं म्हणाल्या.

समृद्धीनं परत लावला. या खेपेला वन्सं टीव्हीकडं बघतच नव्हत्या. समृद्धीकडं बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत तू माझ्याकडं व्हतीस. मी सैपाकाला बसायची तवा तू जागी व्हतीस तर."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "आत्या, चुकलं माझं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खोकला दाजींना होता. बाजार दाजींचा, बैल दाजींचे. जे शब्द मी नवऱ्यावर डाव साधायला मिळाले म्हणून एवढ्या हौसेनं बोलले, ते वन्सं रोज शिनोलीत एकट्या बसून बोलत होत्या. मला त्यांची इतकी दया आली की त्यांच्याकडं बघवेना. मालक कॅलेंडरकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं, आता ह्या उठून पिशवी घेणार.

वन्सं उठल्या नाहीत. "ह्यात ती बाई येडी दावलीया व्हय?"

"लोकांना सुरवातीला तसं वाटावं म्हणून..." समृद्धी चाचरली.

"येडी न्हाई ती. पाटावर कुणी न्हाई, त्ये तिला ठावं हाय. आंधळी हाय का ती?"

"मग ती बोलते कशाला, आत्या?"

मला पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. विचारतेस काय? पण पोरगी खरंच ऐकायला पुढं सरकली होती, आणि वन्संनाही कुणीतरी विचारायला हवंच होतं असं मला दिसलं.

"घास उतरत न्हाई," वन्सं म्हणाल्या. "म्हणून. आन् त्ये घूं घूं काढून टाक. आमचं ह्ये येत्यात तवा आसलं काय वाजत न्हाई. उलट घर जरा बरं वाटतं."

"मग भीती कुठं दाखवू?"

वन्संनी पदरानं नाक पुसलं. "एखाद्या दिशी बोलाय जावं, आन् त्यांचा आवाज कसा व्हता त्येच ध्यानात येऊ न्हाई. त्याचं भ्या वाटतं. त्ये दाव."

मालक कॅलेंडरकडनं वळले. "आक्का, मग त्या फार्मसीचं..."

"कसली फार्मसी?" वन्सं कडाडल्या. "त्या बाईला पाटाम्होरं बसवून पोरगी गोळ्या इकाय जाणार? पुढं तिचं काय हुतं त्ये कोण सांगणार, तू?"

"तू म्हणशील तसं," मालक म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच गोड लागलं.

समृद्धीनं वन्संना मिठी मारली. मी पण रडत होते, लपवायचं काय त्यात. वन्संनी पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"त्यांना दावणार हायेस का शेवटी? पाटावर?"

"ठरवलं नाही अजून, आत्या. नीट शिकले की ठरवेन."

"मग लवकर शिक गं बाई," वन्सं म्हणाल्या. "मला आत्ताच त्यांचा आवाज निम्माच आठवतोय."