सुग्राबीचा डबा

पांढरकवड्याच्या विमलताईंच्या स्वयंपाकघरात फळीवर एक स्टीलचा डबा होता. त्याला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती.

त्याचं असं झालं. रजत पोटात होता तेव्हा विमलताईंचे यजमान नानाजी कापसाच्या गाठींचा ट्रक घेऊन हैद्राबादला गेले. शहरात दंगल पेटली, कर्फ्यू लागला. इकडे विमलताईंनी देव पाण्यात घातले. तिकडे जुन्या वस्तीतल्या सुग्राबीनं या अनोळखी ड्रायव्हरला घरात घेतलं, कर्फ्यू उठेपर्यंत सांभाळलं आणि निघताना डब्यात खिचडी बांधून दिली. नानाजी धडधाकट घरी आले.

पुढच्याच खेपेला ते डबा परत न्यायला निघाले, तर विमलताई आडव्या आल्या. "रिकामा डबा देत नसतात जी. नवी तूर येऊ द्या."

नवी तूर आली, तेव्हा रजतचं बारसं निघालं. पुढच्या साली अवकाळी पावसानं डाळ काळी पडली. असली डाळ त्या माउलीला द्यायची? मग नानाजींना रायपूरकडची लाइन मिळाली आणि हैद्राबादच्या खेपाच थांबल्या. दर दिवाळीला डबा घासायचा आणि पुन्हा फळीवर ठेवायचा, यातच केस पांढरे झाले. रीत पाळता पाळता उपकार फेडायचेच राहिले.

यंदा नानाजी म्हणाले, "अवं, ते बाई हाये का गेली, हे तरी पाह्यशीन का नाही?"

विमलताईंनी तडक फळीवरचा डबा काढला. त्यांनी घरच्या तुरीची डाळ डब्यात गच्च भरली आणि दोघं हैद्राबादच्या बसमध्ये बसली.

विमलताईंच्या मनातलं हैद्राबाद अजून जळतच होतं. इथं तर बुरख्यातल्या आणि गजरा माळलेल्या बाया एकाच गाड्यावर बांगड्यांसाठी घासाघीस करत होत्या. त्यातली एक बुरखेवाली आपल्यासारखंच "नक्को" म्हणाली, तशी विमलताईंची भीड अर्धी चेपली.

गल्ली सापडली, पण जुन्या घरावर मजले चढलेले. नानाजींनी दुकानदाराला विचारून दार वाजवलं. उघडलं ते सुग्राबीनंच. पाठीत वाकलेली, पण नानाजींनी लगेच ओळखली. विमलताईंच्या जिवात जीव आला.

नानाजी म्हणाले, "कर्फ्यू में आपने मेरे को घर में रखा था."

"कौनसा कर्फ्यू, भैया?" म्हातारी म्हणाली. "यहाँ तो कित्ते हो गए. कित्ते लोगां आए, खाए, चले गए. मेरे को याद नई."

विमलताईंना वाईटच वाटलं. जन्मभर ज्या उपकाराची पूजा केली, तो करणारीच्या ध्यानातही नाही! मग त्यांना उमगलं. जिनं ध्यानात ठेवलं नाही, तिनं आपल्यासारख्या कितीजणींचं कुंकू राखलं असेल! त्या पाया पडायला वाकल्या, तर सुग्राबीनं अर्ध्यातच उचलून उराशी धरलं. विमलताई पोटभर रडल्या.

चहा झाला. सुग्राबीनं डाळ काढून घेतली, डबा आत नेला आणि गरम शेवयांची खीर भरून आणला.

विमलताई "नको नको" म्हणू लागल्या, तर म्हातारीनं झाकण दाबून बसवलं. "खाली डब्बा नई देते, अम्मा. पर अब के देर नक्को करो. मैं बैठी रहती क्या?"

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर अजून कोमट होता. नानाजींनी डिवचलं, "आता कवा वापस करतं? नातवाच्या लग्नात?"

"तूर निंघाली का दुसऱ्याच दिवशी," विमलताई म्हणाल्या. "आन् काळी पडली, त काळीच नेतो."