ओठांच्या मापाचं वाक्य

स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणत. परदेशी मालिकांचे इंग्रजी संवाद आपल्या भाषेत आणायचे, आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतात तेवढ्यातच ते बसवायचे, हे तिचं काम. ओठ मिटले की वाक्य संपलंच पाहिजे. शब्द छाटून छाटून तिच्या जिभेलाही धार आली होती. मालक सोडले तर ती सगळ्यांनी चाखली होती.

मालकांपुढे मात्र तिचं तोंड शिवलेलं. प्रत्येक मालिकेच्या शेवटी मालक स्वतः माइकसमोर उभे राहून भारदस्त आवाजात म्हणत, "संवाद...", आणि पुढे आपल्या मेव्हण्याचं नाव वाचत. मेव्हण्याला इंग्रजीतलं 'यस' आणि 'नो' यापलीकडे काही येत नव्हतं. कात्रीने विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी तुमचंच नाव, शब्द देतो." शब्द द्यायला यांचं काय जातं? शब्द तर सगळे तिचेच होते!

या मालिकेच्या वेळी मात्र तिने त्यांच्याकडून आजींसमोर कबूल करून घेतलं होतं. आजी म्हणजे म्हाताऱ्या पात्रांना आवाज देणाऱ्या बाई. आज शेवटचा भाग होता. पडद्यावर एक म्हातारी मोलकरीण हातात पिशवी घेऊन मालकिणीचा निरोप घेत होती, "आय वर्क्ड इन धिस हाऊस फॉर थर्टी इयर्स." कात्रीने लिहिलं होतं, 'तीस वर्षं या घरात राबत राहिले.'

"मोठं होतंय," काचेच्या अलीकडे तिच्या शेजारी बसलेले मालक म्हणाले. "'तीस वर्षं काम केलं', बास. ती नुसतं 'वर्क्ड' म्हणतेय ना? मग उगाच शेपूट कशाला?"

कात्रीचं डोकं सणकलं आणि मालकांपुढे शिवलेलं तोंड पहिल्यांदाच उसवलं.

"साहेब, इंग्रजीत एक दुपार भांडी घासली तरी 'वर्क्ड' आणि अख्खा जन्म घातला तरी 'वर्क्ड'च. क्रियापदाला त्याचं काही नसतं. सगळा भार त्या 'फॉर थर्टी इयर्स'वर. म्हणून ती तिथे रेंगाळते, बघा जरा. आपण नुसतं 'काम केलं' म्हटलं तर काल येऊन नळ दुरुस्त करून गेल्यासारखं वाटतं. आपल्याला ते 'राहिले' लागतंच."

"ओठात बसतंय का ते सांगा."

"आजी, म्हणा हो."

आजींनी म्हटलं. बसलं. 'राहिले' म्हणताना आजींचा आवाज असा काही खाली गेला की रेकॉर्डिस्टने मान वर करून बघितलं. मालकांनी 'पुढे चला' म्हणून हात हलवला. म्हणजे पसंत पडलं होतं.

"मग शेवटी माझं नाव घेताय ना?" तिने विचारलं.

"अहो, घोळ झालाय," मालक फोन चाळत म्हणाले. "मेव्हण्याचं नाव आधीच सगळीकडे छापून गेलंय. पुढच्या वेळी नक्की. आणि तुम्ही काय, तुम्ही तर घरच्याच."

घरच्याच! घरचं माणूस म्हणजे हक्काने राबवायचं आणि पंगतीला विसरायचं, असाच अर्थ असतो का या लोकांच्या घरी? इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं. या माणसाची भीती वाटायची त्याचाच तिला आता संताप आला. ती उठली, काचेपलीकडच्या माइकच्या खोलीत आजींपाशी शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

आजी काय ते समजल्या आणि बाजूला सरकल्या. "ये," म्हणाल्या, "उंची लाव माइकची, तू माझ्यापेक्षा उंच आहेस."

कात्रीने काचेतून रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. त्याने एकदा मालकांकडे पाहिलं, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.

"संवाद," ती म्हणाली. मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रागाने आवाज थरथरत होता, आडनावावर तर पार चिरकला. काचेपलीकडे मालक हातवारे करत काहीतरी ओरडत होते. बंद करायला सांगत असणार, दुसरं काय!

"चिरकला," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली. "पुन्हा घे."

आणि त्याने पुन्हा घेतला.