साक्षीदार नंबर एक

शर्टांच्या कारखान्यात ती वीस वर्षं काजं करत होती, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. मुकादमाने कापडाच्या खोलीत तिच्यावर बलात्कार केला, तेव्हा ती गप्प बसली नाही. दुसऱ्याच दिवशी पोलिसांत गेली. मुकादम आत गेला. आता पुढचं कोर्ट बघून घेईल, असं तिला वाटलं.

चार महिन्यांनी भर दुपारी तो कारखान्यासमोरच्या बाकावर चहा पीत बसलेला दिसला. जुनी ओळख असल्यासारखी त्याने मान हलवली. ती तशीच मागे वळून घरी आली.

"पळून आला असेल," सगळं ऐकून तिची वहिनी म्हणाली.

"पळालेला माणूस इतका निवांत चहा पितो होय?"

सकाळी ती कोर्टात गेली. कारकुनाने फाईल चाळली. "जामीन होऊन तीन आठवडे झाले की."

"मला कुणी सांगितलं नाही."

"बाई, खटला सरकारचा. तुम्ही साक्षीदार नंबर एक. तारीख लागली की समन्स येईल."

"अहो, पण झालं ते माझ्यावर ना?"

कारकून पुढची फाईल शोधायला लागला.

मग मुकादम रोजच दिसू लागला. बोलायचा नाही, जवळ यायचा नाही. तक्रार तरी कसली करायची? एके दिवशी वहिनी भाजी घेऊन आली ती घामाघूम. "दारातच भेटला गं. म्हणाला, ताईंना म्हणावं, साक्षीला जपून जा. आवाज इतका गोड, की माझ्या अंगावर काटाच आला."

काजवाली तशीच वहिनीला घेऊन सरकारी वकीलबाईंकडे गेली. त्यांनी जामीन रद्द करायचा अर्ज केला आणि काजवालीचं म्हणणंही जोडलं. सुनावणीला मुकादमाचा वकील उसळला, "साक्षीदाराला इथे बोलायचा अधिकार काय?"

"त्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे," न्यायाधीश म्हणाले. "बोला बाई."

ती बोलली. दोनदा थांबली, पण सगळं सांगितलं. जामीन रद्द झाला.

मुकादम मात्र त्या दिवशी कोर्टात नव्हता. पोलीस गेले तर त्याच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळीच बॅग घेऊन गेला.

साक्षीची तारीख पुढच्या सोमवारी आहे. वहिनी आता तिला कारखान्यापर्यंत सोडायला जाते. कारखान्याचं वळण आलं की दोघी आधी त्या बाकाकडे बघतात.