कड्याच्या फलाटावर आई कुणासाठी आली?

तुमच्या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... ब्लाउज शिवता शिवता वाचायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "काय रिकामटेकडे लोक हायेत!" आता माझंच लिहितेय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मी कड्याची. बीड जिल्हा, आष्टी तालुका. माहेर कडा आणि सासरही कडाच, मध्ये दोन गल्ल्या. आमच्याकडे रेल्वे नवीन आहे. आजोबांपासून सगळे 'रेल्वे येणार, येणार' ऐकतच म्हातारे झाले. मोजणीवाले यायचे, खुणा रोवायचे, निवडणूक झाली की त्याच खुणांना लोक शेळ्या बांधायचे. शेवटी आली एकदाची! आई मात्र त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली. स्टेशन म्हणजे तिकिटाची एक खिडकी, लांबलचक फलाट आणि थोडी बाकं. साधा चहा मिळत नाही. दिवसातून मोजक्याच गाड्या, नगरला जातात आणि परत येतात. तरी सुरुवातीला अख्खं गाव नुसतं बघायला जायचं.

माझी धाकटी बहीण सुनंदा पुण्यात दिलेली. मनातलं सांगते – मी तिच्यावर जळायचे. ती माहेरपण करून निघाली की आईचा सोहळाच असायचा. ओटी भरायची, एसटी स्टँडपर्यंत घालवायला जायची, बस दिसेनाशी होईपर्यंत डोळ्याला पदर! आणि मी? आईला अंघोळ घालून, गोळ्या देऊन, पाय चेपून संध्याकाळी घरी निघायचे तर आई म्हणायची, "जाताना दार वढून घे." बस, एवढंच. गावातल्या गावात दिलेल्या पोरीला कोण घालवायला जातं!

गेल्या दिवाळीनंतर सुनंदा पहिल्यांदाच रेल्वेनं निघाली. भर दुपार होती. मीच पोचवायला गेले. गडबडीत ओटी भरायची राहून गेली. गाडी हलली, मी हात केला आणि घराकडे वळले... तोच तिचा फोन.

"आक्का, आई आलती गं!" ती हुंदके देत होती. "तुज्या मागंच हुबी होती, डोळ्याला पदर लावून. आन् माज्या ओढणीत बघ काय हाय..."

तिनं फोटो पाठवला. ओढणीत गहू, हळकुंड, सुपारी. मी झूम करकरून बघितला.

भीती? छे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेल्यावरसुद्धा हिलाच? मी हाताच्या अंतरावर उभी होते, मला साधी हाकही नाही? त्या दिवशी मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, "काय न्हाई झालं. तुमी जेवा."

आठवडाभर धुमसत होते. मग ठरवलं – मीही जाते! नगरला काडीचं काम नव्हतं. सणाची साडी नेसले, पिशवीत कपडे भरले.

"नगरला कावून?" नवरा म्हणाला.

"सहज."

तिकीट काढलं, खिडकीशी बसले आणि पदर मांडीवर पसरून ठेवला. हो, मुद्दाम पसरून! गाडी सुटायची वेळ झाली. फलाटाकडे टक लावून मी मनातल्या मनात म्हणत होते, ये ना गं... एकदा माझ्यासाठी रड की!

भोंगा झाला. फलाटावर चिटपाखरू नाही. माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं – घट्ट. ती खरखरीत बोटं मी कुठंही ओळखीन. शेवटची वर्षं तीच धरून तिला मोरीपर्यंत न्यायचे मी. कानाशी आवाज आला, चिडलेला, अगदी नेहमीचा.

"तू कुटं निगालीस? उतर खाली. मला हितं दुसरं कोन हाय?"

कशी उतरले ते माहीत नाही. भानावर आले तेव्हा मी फलाटावर उभी, गाडी पुढं गेलेली आणि माझी पिशवी गाडीतच! आजूबाजूला कुणी नव्हतं. पदर रिकामा. पण मनगटावर बोटांचे काळे ठसे होते. वास घेतला – मिश्री. आई गेल्यापासून आमच्या दोन्ही घरांत मिश्री लावणारं कुणी राहिलेलं नाही.

नवरा म्हणतो, मनाचे खेळ. असतील बाई. पण मग ते गहू कुठून आले, ते ठसे कुणाचे? तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर जरूर सांगा.

संध्याकाळी सुनंदाला फोन लावला. खोटं कशाला बोलू, जरा तोऱ्यातच सगळं सांगितलं. ती बोलली, अगदी बारीक आवाजात...

"मला येवड्या वर्सात ती येकदा बी 'जाऊ नगं' म्हनली न्हाई, आक्का."